मामंजींची विमानं

मागच्या वेळी आपण वाळवणाबद्दल बोललो, तेव्हा ताईंनी विचारलं होतं, पुढच्या वेळी कशावर बोलणार? मी म्हटलं, प्लास्टिकच्या विमानांवर. त्या हसल्या. तुम्हीही हसा, पण रेडिओ बंद करू नका.

माझं सासर चिकलठाण्याचं, म्हणजे औरंगाबादचं, आता छत्रपती संभाजीनगरचं विमानतळ जिथं आहे तिथलं. मामंजी जाऊन तीन वर्षं झाली. पहिल्या दिवाळीला माळा झाडायला काढला, तर पत्र्याच्या दोन ट्रंका निघाल्या. मला वाटलं जुने कागद असतील. उघडल्या, तर आत पुठ्ठ्याचे खोकेच खोके. तेवीस मोजले. प्रत्येक खोक्यावर ढगातून जाणाऱ्या विमानाचं चित्र, आणि आत प्लास्टिकचे सुटे तुकडे. भाऊजी म्हणाले, "वहिनी, भंगारवाला आलाय दारात, देऊन टाका." तराजूचं पारडं खाली टेकलं होतं. माझ्या लेकीनं खोका हातातून ओढून घेतला, म्हणून ते वाचले. खरं सांगते, मी दिले असते.

आता हे किट म्हणजे काय ते सांगते. प्लास्टिकची एक चौकट असते. तिच्या काड्यांना विमानाचे तुकडे लटकलेले असतात, वेलीला वाल लागावेत तसे. पोटाचा डावा अर्धा, उजवा अर्धा, पंख, शेपटी, मुगाच्या दाण्याएवढी चाकं. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. विमान तयार मिळत नाही, आपण करायचं.

या किटांची गोष्ट शेतातून सुरू होते, हे मला फार आवडलं. एअरफिक्स नावाची इंग्लंडमधली कंपनी १९३९ साली निघाली. हवा भरलेली रबरी खेळणी करायची, मग कंगवे करू लागली. १९४९ मध्ये फर्ग्युसन ट्रॅक्टरवाल्यांनी त्यांच्याकडून छोटा प्लास्टिकचा ट्रॅक्टर करून घेतला, त्यांच्या विक्रेत्यांना गिऱ्हाइकापुढं ठेवायला. तो जोडण्यात फार वेळ जायचा, म्हणून पुढं सुटे भागच विकायला काढले. तुमच्या बांधावर मॅसी फर्ग्युसन चालतो ना, त्याच घराण्यातला तो ट्रॅक्टर. त्यानंतर जहाजं आली, लढाऊ विमानं आली, आणि मग प्रवासी विमानं. जगभर माणसं ती जोडतात आणि जुनी जपतात. कारण कंपन्या बुडतात, साचे झिजतात, आणि एखादं विमान परत कधी निघतच नाही. एअरफिक्ससुद्धा दोनदा बुडाली, १९८१ आणि २००६ मध्ये. दोन्ही वेळा दुसऱ्यांनी विकत घेऊन चालू ठेवली.

मामंजी एमआयडीसीत टूलरूममध्ये फिटर होते. प्लास्टिकच्या वस्तूंचे पोलादी साचे घासायचं काम. त्यांचा पुतण्या आखातात होता, तो येताना विचारायचा, "काका, काय आणू?" बाकीचे अत्तर सांगायचे, रेडिओ सांगायचे. हे विमान सांगायचे. आत्याबाई अजून म्हणतात, "मला एक साडी नाही आली त्या पोराकडून, समदी इमानंच आली." ते तुकडा बोटांत फिरवून बघायचे म्हणे, साचा कुठं मिटलाय त्याची रेघ शोधायचे. रेघ बारीक असली की खूश.

त्यांनी पुरी केलेली विमानं पाचच. त्यातलं एअर इंडियाचं जंबो, ७४७, आमच्या टीव्हीवर होतं. या विमानाच्या प्रत्येक खिडकीभोवती लाल कमान रंगवलेली असायची, राजवाड्याच्या झरोक्यासारखी. खऱ्या विमानावर ती हातभर असेल, या छोट्यावर तांदळाच्या कणीएवढी. मामंजींनी त्या सगळ्या कमानी कुंचल्याच्या दोन केसांनी काढल्या होत्या. मी लग्न होऊन आले तेव्हा रोज त्यावरची धूळ पुसायचे आणि मनात चिडायचे.

तर तेवीस खोक्यांचं काय करायचं? पुण्यात अशी किटं गोळा करणारे एक गृहस्थ आहेत. लेकीनं त्यांना फोटो पाठवले. ते म्हणाले, जी उघडलेलीच नाहीत ती मला द्या, चांगले पैसे देतो. पण जोडलं की किंमत गेली. हे मला विचित्र वाटलं. म्हणजे धान्य कणगीत असेपर्यंत किंमत आणि भाकरी झाली की नाही! पण त्या बाजाराची तीच रीत आहे. चार बंद खोके आम्ही त्यांना दिले. त्या पैशात लेकीचा अकरावीचा प्रवेश आणि पुस्तकं झाली, वर थोडे उरले. तुमच्या माळ्यावर असं काही निघालं तर आधी कुणाला तरी दाखवा. खोका फोडू नका, पुठ्ठाही फेकू नका, आतला सूचनांचा कागद तर मुळीच नाही.

भांडण झालं ते एका खोक्यावरून. बोइंग ७३७, दोनशेवालं. हे उघडलेलं होतं. पोटाचे दोन अर्धे जोडलेले, पंख सुटे. झाकणाच्या आत मामंजींच्या अक्षरात लिहिलेलं, "व्हीटी-ईसीक्यू. २६-४-९३."

तुमच्यातल्या वयानं मोठ्या बायांना ती तारीख आठवत असेल. त्या सोमवारी दुपारी इंडियन एअरलाइन्सचं विमान आपल्या विमानतळावरून मुंबईला निघालं. दिल्लीहून जयपूर, उदयपूर करत ते इथं आलेलं. आत ११८ माणसं. धावपट्टी जिथं संपते तिथून बीडचा रस्ता जातो. त्या रस्त्यावरून कापसाच्या दाबलेल्या गाठी भरलेला ट्रक चालला होता. विमान उचललं जायला उशीर झाला. डावं चाक आणि इंजिनाचा खालचा भाग ट्रकला धडकला, जमिनीपासून साधारण सात फुटांवर. तसंच ते पुढं गेलं, विजेच्या मोठ्या तारांना लागलं, पडलं आणि पेटलं. ५५ माणसं गेली, ६३ वाचली. चौकशीत दोन गोष्टी निघाल्या. वैमानिकांनी विमान उशिरा आणि चुकीच्या रीतीनं उचललं, आणि विमानं उडण्याच्या वेळात त्या रस्त्यावरची वाहनं थांबवलेली नव्हती. व्हीटी-ईसीक्यू हा त्या विमानाचा नंबर.

मामंजी त्या दिवशी पहिल्या पाळीला होते. धूर त्यांनी पाहिला. घरी आल्यावर जेवले नाहीत, एवढंच आत्याबाईंना माहीत. पुढं कधीतरी हे किट मागवलं, अर्धं जोडलं आणि बांधून ठेवलं. का ते कुणाला सांगितलं नाही.

लेक म्हणाली, मी पुरं करते. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, पडलेलं विमान घरात कशाला? अपशकुन." भाऊजींनाही पटेना. मीही गप्प बसले, कारण मलाही भीती वाटली, खोटं कशाला बोलू. आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तीस वर्सं घरातच हाय ते. माळ्यावर व्हतं तवा काय झालं? कर गं पोरी."

मग आमच्या घरी दोन महिने विमान चाललं. तुकडे आधी साबणाच्या कोमट पाण्यात धुतले. साच्यातून सुटावेत म्हणून लावलेलं तेल त्यांना असतं, त्यावर रंग धरत नाही. तुकडा चौकटीतून पिरगळायचा नाही, नखं कापायच्या कात्रीनं थोडं अंतर ठेवून कापायचा आणि उरलेलं टोक घासायचं. कॅसेटची पारदर्शक डबी आठवते? हे प्लास्टिक त्याच जातीचं, टणक आणि ठिसूळ. त्याचा गोंद चिकटत नाही, प्लास्टिकच विरघळवतो आणि दोन कडा एकजीव करतो. म्हणून थेंबभर लावायचा, खिडकी उघडी ठेवायची, चुलीजवळ बसायचं नाही. नेलपॉलिश पुसायचं पाणी तर जवळसुद्धा आणायचं नाही. आमच्या एका पंखाला मीच ते लावलं, डाग काढायला म्हणून, आणि पंखाचा तो कोपरा मऊ पडला. लेक दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

खोक्यातले छापील शिक्के परदेशी कंपनीचे होते, शिवाय पिवळे पडलेले. असे शिक्के पाण्यात भिजवून सरकवायचे असतात, लहानपणी आपण हातावर चिकटवायचो तसे. पिवळे पडले तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिडकीच्या काचेला उन्हात लावतात, पिवळेपणा उतरतो. जुने भिजवल्यावर तुकडे होतात, म्हणून आधी वर पातळ वॉर्निशचा हात देतात. आम्हाला मात्र ते नकोच होते. इंडियन एअरलाइन्सची शेपटी नारिंगी असायची आणि तिच्यावर पांढरी खूण. नारिंगी रंग तीनदा चुकला, एकदा गाजर, एकदा झेंडू, एकदा भगवा. खूण लेकीनं पांढऱ्या रंगात सुईचं टोक बुडवून काढली. तिचा हात रांगोळीनं बसलेला आहे. नंबर शेवटी लिहिला, बारीक पेनानं.

आणि विमान उभं केलं, तर शेपटीवर बसलं! नाक वर, जसं काही आता उडणार. प्रवासी विमानाच्या किटात नाकाच्या आत वजन भरावं लागतं, आणि मामंजींनी पोट मिटवताना ते भरलं नव्हतं. एवढा पक्का फिटर माणूस. कुठं लक्ष होतं त्यांचं त्या वेळी, कोण जाणे. लेकीनं नाकाच्या चाकाच्या खाचेतून सायकलचे छर्रे एक एक करून आत सोडले, गोंदात बसवले. अकरा लागले. तेव्हा पुढचं चाक टेकलं.

विमान आता कपाटावर आहे. वीतभर, २१ सेंटिमीटर. खऱ्याच्या १४४ सेंटिमीटरला इथं एक. अपशकुन म्हणणाऱ्या काकूच पहिल्यांदा बघायला आल्या. त्या दिवशी त्या रानात होत्या, हे आम्हाला वीस वर्षांत ठाऊक नव्हतं. बसून सगळं सांगितलं, आवाज कसा आला, माणसं कशी पळाली, बायांनी अंगावर टाकायला लुगडी कशी दिली. आत्याबाईंनी चहा दोनदा केला.

निघताना काकूंनी विमानाकडं बघत विचारलं, "याच्या मापानं तो ट्रक केवढा गं असंल?" लेकीनं कागदावर भागाकार केला, देवघरातली काडेपेटी उचलली आणि चाकांपुढं ठेवली. म्हणाली, "एवढा, काकू. जवळजवळ एवढाच."