अरण्याची वाट आणि घरची भाकरी
(ज्युबिली महोत्सवाच्या सभेत केलेले भाषण)



महोत्सवाच्या दिवशी वक्त्याने गतवर्षांचा गौरव करावा, अशी रीत आहे. ते काम माझ्यापूर्वी बोललेल्या सज्जनांनी उत्तम रीतीने केले आहे. म्हणून मी आज आपल्या अनुज्ञेने एका आईच्या प्रश्नाविषयी बोलणार आहे.

गेल्या उपवासकाळात एक माउली मजकडे आली. तिचा मुलगा शिकलेला, निर्व्यसनी व प्रार्थनेत रमणारा. ती म्हणाली, "फादर, त्याला नोकरी नको, लग्न नको. डोंगरात एकटा राहीन आणि देवाचे नाव घेईन, असे म्हणतो. तुम्ही त्याला बजावा." मी तिचे सांत्वन केले, परंतु उत्तर दिले नाही, कारण ते माझ्यापाशी नव्हते. त्या दिवसापासून ह्या प्रश्नाने माझी पाठ सोडली नाही.

आपल्या बीड जिल्ह्यात घर सोडणे ही नवलाई नव्हे. दरवर्षी दसरा उलटला की ऊसतोडीसाठी गाड्या भरून माणसे निघतात, आणि गावात म्हातारी माणसे व लेकरे मागे उरतात. परंतु ते जाणे भाकरीसाठी असते, म्हणून त्याचा अर्थ कोणास विचारावा लागत नाही. भरल्या ताटावरून उठून जो देवासाठी जातो, त्याचे जाणे मात्र घरास समजत नाही.

ही वाटही आपल्या मुलुखास जुनीच आहे. परळीहून उत्तरेस गोदावरी ओलांडली की जांब हे गाव लागते. तेथे १६०८ साली सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी नारायण नावाचा मुलगा जन्मास आला. परंपरा सांगते की, बाराव्या वर्षी बोहल्यावर उभा असता भटजींच्या मुखातून 'सावधान' हा शब्द निघताच तो खरोखरच सावध झाला व मांडवातून पळाला. पुढे नाशिकजवळ टाकळी येथे त्याने बारा वर्षे तप केले. हेच समर्थ रामदास. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १६ दस्तऐवजांपैकी एकात, १९६५ साली, इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा अव्हेरीत नाही, असे स्पष्ट केले. त्या भावनेने ह्या शेजाऱ्याकडून काही शिकण्यास आपणांस संकोच नसावा.

त्या तपश्चर्येची एक गोष्ट आपण सहसा विसरतो. सकाळी नदीच्या पाण्यात उभे राहून जप करणारा तो मुलगा दुपारी माधुकरीस जात असे. म्हणजे रोज कोणी तरी गृहिणी चुलीपुढे बसून भाकरी थापीत होती, आणि तीतील तुकडा त्याच्या झोळीत पडत होता. इकडे जांबेत त्याची आई राणूबाई वाट पाहत होती. रडून रडून तिची दृष्टी गेली, असे चरित्रकार सांगतात. त्या तपाची किंमत केवळ तप करणाऱ्यानेच दिली नाही.

आता आपल्या संतांकडे पाहू. संत बेनेदिक्त रोम शहरात शिकण्यास गेला, तेथील अनाचारास विटला, आणि सुबियाकोच्या कड्यातील एका गुहेत तीन वर्षे एकटा राहिला. तेथे त्यास कोण जगवीत होते? जवळच्या मठातील रोमानुस नावाचा संन्यासी स्वतःच्या वाट्याची भाकरी राखून ठेवी, ती दोरीस बांधून कड्यावरून खाली सोडी आणि दोरीला लावलेली लहानशी घंटा वाजवी. एकदा सैतानाने दगड मारून ती घंटा फोडली, असे संत ग्रेगोरी लिहून ठेवतात. घंटा फुटली, तरी रोमानुसने दोरी सोडली नाही. पुढे पास्काच्या दिवशी एक धर्मगुरू जेवण घेऊन त्या गुहेत आला. बेनेदिक्तास तो दिवस पास्काचा आहे हेही ठाऊक नव्हते! प्रभूच्या पुनरुत्थानाचा सण त्याला माणसाच्या पावलांनी येऊन कळला.

आपल्याच काळातील उदाहरण हवे असेल तर संत शार्ल द फुको ह्यांचे घ्या. त्यांना पोप फ्रान्सिस ह्यांनी २०२२ साली संतपद दिले. हे फ्रेंच सरदारघराण्यातील माजी लष्करी अधिकारी १९०५ साली सहारा वाळवंटातील तामानरासेत येथे तुआरेग लोकांत राहावयास गेले. आपण ह्या दरिद्री लोकांस काही द्यावे, ही त्यांची इच्छा. परंतु १९०८ च्या आरंभी ते आजारी पडले व मरणाच्या दारी पोहोचले. अवर्षणाचे दिवस, शेळ्यांचे दूध आटलेले. तेव्हा त्या मुसलमान शेजाऱ्यांनी आसपासच्या सर्व शेळ्यांपासून मिळेल तेवढे दूध गोळा करून त्यांना पाजले व वाचविले. जो देण्यास गेला होता, त्याला घेण्यास शिकावे लागले. दुष्काळात दुधाच्या घोटाचे मोल काय असते, हे बीड जिल्ह्यातील माणसास मी सांगावे असे नाही.

आणि ज्याच्यापर्यंत कोणाचीच दोरी पोहोचली नाही, अशाही एका तरुणाची गोष्ट सांगितली पाहिजे. अमेरिकेतील क्रिस्टोफर मॅकँडलेस ह्याने १९९० साली महाविद्यालयीन शिक्षण पुरे केले, शिल्लक असलेले द्रव्य दानधर्मास दिले आणि आईबापांस पत्ता न कळविता तो निघून गेला. १९९२ च्या एप्रिलात तो अलास्काच्या रानात शिरला व एका टाकून दिलेल्या बसगाडीत राहू लागला. जुलैत परतावेसे वाटले तेव्हा वाटेतील नदी वितळलेल्या बर्फाने फुगली होती. तो मागे फिरला, आणि ऑगस्टात उपासमारीने मरण पावला. वय अवघे चोवीस. तो नदीकाठी जेथून मागे वळला, तेथून थोड्याच अंतरावर तारेला टांगलेला, हाताने ओढून पैलतीरी जाण्याचा पाळणा होता. त्याच्यापाशी पुरेसा नकाशा नव्हता, आणि सांगणारे कोणी नव्हते. सुख वाटून घेतल्यावाचून खरे होत नाही, अशा अर्थाचे शब्द त्याने शेवटी एका पुस्तकाच्या समासात लिहून ठेवले होते. ह्या तरुणास मूर्ख म्हणणे सोपे आहे. मला तसे म्हणवत नाही. त्याची तळमळ खरी होती. उणीव होती ती एका रोमानुसची.

म्हणून तरुणांनो, मी तुम्हांस जाऊ नका असे म्हणणार नाही. परंतु तीन गोष्टी सांगेन. पहिली, घरचे ऋण आधी पाहा. संत अंतोनी मिसर देशातील वाळवंटात गेला, पण त्यापूर्वी त्याने आपल्या पोरक्या बहिणीस विश्वासू धार्मिक स्त्रियांच्या हाती सोपविले. दुसरी, वडीलधाऱ्यास विचारा. पुढे संत बेनेदिक्ताने मठांसाठी नियम लिहिला, त्यात एकांतवासी होण्यापूर्वी मठात दीर्घकाळ सहवासाची कसोटी दिलेली असावी, नवशिक्या उत्साहावर ही वाट धरू नये, असे त्याने सांगितले. जो स्वतः एकटा राहिला, त्याचाच हा सल्ला आहे. तिसरी, तुम्ही माणसांना कंटाळून जात आहात की देवाच्या ओढीने, हे पारखून घ्या. कंटाळा सोबत येतो. डोंगर चढल्याने तो खाली राहत नाही.

आणि वडील मंडळींनो, आपलेही काही चुकते. आपली मुले केव्हा केव्हा देवासाठी नव्हे, तर आपल्या दिखाऊपणास विटून उठतात. आपण मंदिरात एक बोलतो व बाजारात दुसरे; ज्युबिलीच्या मांडवावर खर्च करतो, आणि मजुरीच्या पैशावरून गड्याशी हुज्जत घालतो. मुले हे पाहतात. त्यांच्या निघून जाण्याची चौकशी करताना आपण आपल्या राहण्याचीही चौकशी करावी.

आमचा प्रभू येशूदेखील अरण्यात गेला. चाळीस दिवस तो उपाशी राहिला, आणि शुभवर्तमान सांगते की शेवटी देवदूतांनी येऊन त्याची सेवा केली. देवाच्या पुत्रानेही दुसऱ्याच्या हातची सेवा नाकारली नाही. नंतर तो अरण्यात राहिला नाही; गालीलात, माणसांत परत आला.

त्या माउलीस माझे उत्तर आज हे आहे. बाई, मी तुमच्या मुलास बजावणार नाही. त्याला मजकडे पाठवा. आम्ही दोघे बसून त्याची इच्छा देवापुढे ठेवू, आणि घाई करणार नाही. उद्या तो खरोखरच गेला, तर तुम्ही दार लावून घेऊ नका. भाकरी करताना एक अधिक थापा. ती त्याच्यापर्यंत कशी पोहोचवावयाची, हे पाहणे ह्या धर्मग्रामाचे काम आहे. आणि ज्युबिलीच्या दिवशी आपण देवापाशी मागावयाचे ते हेच, की घंटा फुटली तरी आपल्या हातची दोरी सुटू नये.

देव आपणां सर्वांचे भले करो.