आमच्या गावचे खेळ आणि आमचा कॅमेरा



या व्यासपीठावरून आजवर प्राध्यापक बोलले, वकील बोलले, संतवाङ्मयाचे अभ्यासक बोलले. यंदा चालकांनी एका फोटोवाल्यास उभे केले आहे. आम्ही बाजारपेठेत दुकान मांडून पासपोर्टचे आणि लग्नाचे फोटो काढणारे. विद्वत्तेच्या नावाने शून्य. परंतु शाळेच्या मैदानावर आणि गावच्या चव्हाट्यावर चाळीस वर्षे कॅमेरा घेऊन उभे राहिलो, त्यात जे चुकले तेवढे सांगतो.

खो-खोचाच दाखला घेऊ. आठ गडी एका ओळीत बसतात. पहिल्याचे तोंड पूर्वेला तर दुसऱ्याचे पश्चिमेला, असे एकाआड एक. नववा पाठलाग करतो. हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. आम्हांसही होते, पण त्याचा अर्थ कळायला एक भाजीवाली बाई दुकानात यावी लागली.

१९८६ सालची गोष्ट. आमच्याजवळ तेव्हा यशिकाचा दोन भिंगांचा कॅमेरा होता. एका रोळात फोटो बारा. मान खाली घालून वरच्या काचेत पाहायचे, आणि त्या काचेत डाव्याचे उजवे दिसे. पळणारी मुलगी उजवीकडे वळली की काचेत ती डावीकडे जाई. हूल देण्यात पटाईत असलेली मुलगी प्रतिपक्षाला एकदा फसवी, आम्हांस दोनदा! म्हणून आम्ही युक्ती काढली. भिंग आधीच खांबावर नेमून ठेवायचे, वेग सेकंदाचा पाचशेवा भाग, आणि वाट पाहायची. खांबावर सूर मारलेली मुलगी जमिनीपासून सुटलेली नेमकी सापडली की काय आनंद होई! अमेरिकेत मायब्रिजने १८७८ साली दौडत्या घोड्याचे चारी पाय एकदम जमिनीवरून सुटलेले फोटोत पकडले. त्याच्या निम्मा तरी आनंद आम्हांस झाला असेल. तर बारांपैकी नऊ फोटो खांबाचे, दोन ढालीचे, आणि एक, सांगायला नकोच, प्रमुख पाहुण्यांचा.

त्या वर्षी मुलींनी तालुक्याची ढाल आणली. फोटो दुकानाच्या काचेत लावले. बाजारच्या दिवशी एका बाईने पाटी पायरीवर उतरवली आणि बराच वेळ त्या काचेत पाहत राहिली.

"भाऊ, आमची ह्यात कुठं हाय?"

आम्ही विचारले, पळणारी का?

"न्हाई वो, ती बसल्याली हाय. खो मिळाला की उठती."

शोधून पाहिले. ओळीत पाचवी. पाठ, लाल रिबिनीची वेणी आणि पायांचे तळवे. आईने रिबीन ओळखली. "हीच. तोंड न्हाई व्हय दिसत कुठं?"

बाराही फोटो एकाच बाजूने काढलेले! ऊन आमच्या पाठीशी होते, मंडपाची सावली होती, सरबत तिथेच मिळत होते. पैसे घ्यायचे आमच्या मनात नव्हते, पण तिने ते गल्ल्याशेजारी ठेवले आणि तोच पाठमोरा फोटो पदराखाली घेऊन गेली. त्या मे महिन्यात मुलीचे लग्न झाले, शाळा सुटली. शाळेच्या गणवेशातला तिचा चेहरा आमच्या एकाही निगेटिव्हवर नाही. आम्ही पुन्हा पुन्हा शोधला आहे.

तेव्हापासून एका डावाला आम्ही मैदानाच्या पलीकडे जातो. तिकडे ऊन डोळ्यांवर येते, चेहरे सावलीत पडतात, भिंगाचे तोंड अधिक उघडावे लागते आणि मागचे आकाश पांढरेफटक होते. असा फोटो काचेत लावण्याजोगा नसतो. मुख्याध्यापकही तो मागत नाहीत. पण पाकिटावर आम्ही आठही जणींची नावे घालतो.

गावच्या नित्याच्या जीवनाचेही तसेच आहे. न्हावी, चांभार, एस. टी. स्टँडवरचा हमाल, कॅमेरा पाहताच माणूस सदरा नीट करतो आणि काम थांबवतो. त्याला बोलायचे काही नाही. चार दिवस नुसते जाऊन बसावे, चहा घ्यावा, मग तो पुन्हा वस्तऱ्याला धार लावू लागतो. खरी लबाडी आमची असते. "फोटो देतो हं" म्हणायचे आणि द्यायचा नाही. असे देणे आमच्याकडे बरेच थकले आहे. काहींचे वारस तेराव्याच्या आधी येतात, कारण घरात हार घालायला फोटो नसतो. मग संघाच्या एखाद्या जुन्या फोटोतून नखाएवढा चेहरा मोठा करून द्यावा लागतो. तो धूसर येतो. घरच्यांना चालतो.

आज प्रत्येकाच्या हाती फोन आहे. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, आपल्या पुरुषांनी आणि महिलांनी दोन्ही जिंकले, आणि साऱ्या जगाने ते पाहिले. आमच्या शाळेचे सामनेही पालक टिपतात, पण उभे राहतात मंडपाकडेच.

मागच्या हिवाळ्यात आम्ही पलीकडे उभे होतो. ओळीतली एक मुलगी म्हणाली, "काका, तुमच्या डोळ्यांत ऊन येतंय. मंडप तिकडं आहे."

"तू इकडं तोंड करून बसलीयेस ना!"

ती हसली, तेवढ्यात पाठीवर खो पडला. फोटो जरा हलला आहे. चेहरा ओळखू येतो.