रॉकेट मास हीटरचा ओटा कशाचा बांधावा?

रॉकेट मास हीटर ही थोड्या लाकडावर घर उबदार ठेवणारी शेगडी. तिचा प्रसार अमेरिकेतील ऑरेगन राज्यातून इयान्टो इव्हान्स यांनी केला. जळण तास-दोन तासांत संपते. त्यातून निघालेले गरम वायू लांब, आडव्या नळीतून जातात. नळीभोवतीचा जड ओटा त्यांची उष्णता शोषतो आणि पुढे कित्येक तास सोडत राहतो.

किलोमागे सर्वाधिक उष्णता पाणी साठवते, दगड-विटांच्या चार-पाच पट. पण बंद टाकीत पाणी उकळले तर स्फोट होतो. घरच्या बांधकामात तो नाद सोडलेलाच बरा. दगड, वीट आणि माती किलोमागे जवळपास सारखीच उष्णता धरतात. फरक पडतो घनतेने. घनमीटरभर ग्रॅनाइटचे वजन सुमारे २,६०० किलो, गवत कालवलेल्या मातीचे त्याहून बरेच कमी.

स्वस्त म्हणून कोरडी, सुटी वाळू भरण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण कणांमधली हवा उष्णता अडवते. नळीभोवती गोटे रचून फटी चिकणमाती-वाळूच्या गाऱ्याने ठासून भरणे उत्तम. नदीतून नुकतेच काढलेले ओले गोटे मात्र तापल्यावर तडकू शकतात, म्हणून ते आधी नीट सुकवावेत.

जळणाच्या कप्प्याला लागून जड सामान नको. तिथे पर्लाइटसारखा हलका उष्णतारोधक लागतो, नाहीतर ज्वाला थंडावते आणि धूर होतो.

पूर्ण ओट्याचे वजन सहज दोन-तीन टन भरते. जमीन लाकडी असेल, तर बांधण्याआधी खालचा आधार जाणकाराकडून तपासून घ्यावा.