तपासणी कामगाराची की कामाची?



पुणे-सोलापूर रस्त्यावर दौंड तालुक्यातील कुरकुंभ आणि पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर शिरूर तालुक्यातील रांजणगाव, या दोन औद्योगिक वसाहती. कुरकुंभला मुख्यत्वे रसायनांचे कारखाने. रांजणगावला वाहनांचे आणि विद्युत उपकरणांचे. कामगारांच्या आरोग्यासाठी कारखान्यात जे उपक्रम चालतात, त्यांचा विचार करताना पहिला प्रश्न हा की, तपासायचे कोणाला? कामगाराला की कामाला?

आरोग्य शिबिराची रीत ठरलेली आहे. वजन, रक्तदाब, साखर मोजावयाची आणि तंबाखू सोडा, रोज चाला, असा उपदेश करावयाचा. उपदेश खोटा नाही. परंतु वाफ बाहेर खेचणारा पंखा बंद ठेवून त्या वाफेत आठ तास उभ्या राहणाऱ्यास प्राणायाम शिकविणे ही शुद्ध फसवणूक होय. पाळी दर आठवड्यास बदलते. अशा माणसाला झोपेचे महत्त्व सांगण्यास तज्ज्ञ कशाला हवा?

अमेरिकेत साँग आणि बेकर या संशोधकांनी एका दुकानसाखळीतील सुमारे 33,000 कामगारांचा अभ्यास 2019 साली प्रसिद्ध केला. दीड वर्षाच्या उपक्रमानंतर कामगार अधिक व्यायाम करीत असल्याचे सांगत होते. रक्तदाब, गैरहजेरी, उपचारांचा खर्च यांत मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. सवयी बदलावयास सांगितल्या. काम होते तसेच राहिले.

भोपाळमध्ये 1984 साली हजारो माणसे मेली, तेव्हा कोठे 1987 साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियेतील कामगाराची निदान वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी, तिच्या नोंदी पाहण्याचा त्यास अधिकार, आणि सुरक्षा समितीत कामगार व व्यवस्थापन यांचे समसमान प्रतिनिधी, असे त्या दुरुस्तीने ठरविले. 2020 च्या संहितेतही सुरक्षा समितीची तरतूद आहे. आरोग्याच्या उपक्रमास अर्थ येतो तो येथे. तपासणीचा कागद कामगाराच्या हाती पडला, एकाच खात्यातील दहा जणांनी आपापले कागद शेजारी ठेवून पाहिले, तर खोकला हा एकट्याचा दोष आहे की खात्याचा, हे त्यांनाच विचारता येते.

अडचण आहे ती कंत्राटी कामगाराची. कंत्राटदार बदलला की त्याची नोंद नवी सुरू होते. फुप्फुसे मात्र जुनीच असतात. म्हणून पुढील शिबिराची तारीख ठरण्यापूर्वी संघटनेने मागणी करावी: गेल्या तपासणीचे अहवाल प्रत्येकास मराठीत मिळावेत, कंत्राटी कामगारांसह, आणि समितीत त्यांनी निवडलेला माणूस बसावा.