शिक्षणाची हुंडी

काशीच्या पंचगंगा घाटाच्या पायऱ्या चढून वर आले, की मंगला गौरीचे देऊळ लागते. तेथून दुर्गाघाट व ब्रह्माघाट यांच्या गल्ल्यांतून मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहत आली आहेत. पूर्वी दक्षिणेतून येणारा यात्रेकरू वाटेतील चोरांच्या भयाने रोकड न आणता हुंडी आणी. ती कोणाच्या नावे, कोणत्या पेढीवर आणि किती मुदतीची, एवढे जुळले म्हणजे ती वटे.

आज त्याच गल्लीतील गरीब बालकासाठी राज्याने एक निराळी हुंडी लिहून ठेवली आहे. २००९ साली संमत होऊन १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या बाराव्या कलमानुसार खासगी विनाअनुदानित शाळेने आपल्या पहिल्या वर्गातील किमान २५ टक्के जागा शेजारच्या दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना द्यावयाच्या असतात. त्या मुलांना आठवीपर्यंत विनामूल्य शिकवावयाचे आणि सरकारी शाळेत दर मुलामागे होणारा खर्च किंवा त्या शाळेची फी, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती राज्याने शाळेला द्यावयाची, अशी ही योजना आहे. शिक्षणाचा पैसा शाळेमागे न जाता विद्यार्थ्यामागे जावा, ही कल्पना अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९५५ मध्ये मांडली होती. मिल्वॉकी शहरात १९९० साली ती अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांपुरती अंमलात आली. भारतीय योजनेत पालकाच्या हाती चिठ्ठी पडत नाही. परंतु प्रश्न दोन्हीकडे एकच असतो. हुंडी कोणाच्या नावे वटावी?

पहिली अट उत्पन्नाची. याच वाराणसीत डिसेंबर १९०५ मध्ये राष्ट्रसभेचे अध्यक्षपद भूषविणाऱ्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा दरमहा दहा रुपयांहून कमी मिळकतीच्या पालकांकडून फी घेऊ नये, असे त्यात योजिले होते. १९१२ मध्ये ते विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. पुढे महाराष्ट्रात बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना वार्षिक १२०० रुपयांच्या आतील कुटुंबांना फीमाफी मिळाली. शिक्षणहक्काच्या या जागांकरिता दुर्बल घटकाची मर्यादा उत्तर प्रदेशाने आणि महाराष्ट्राने वार्षिक एक लाख रुपये ठरविली. भाव वर्षागणिक चढत राहिले. आकडा मात्र दीर्घकाळ जागचा हलला नाही. शिवाय दक्षिणेवर गुजराण करणारा भिक्षुक किंवा गंगेला पूर आला की नाव बांधून ठेवणारा नाविक यांचे उत्पन्न कोणत्या वहीत लिहिलेले असते? ज्याची मिळकत सर्वांत अनिश्चित, त्यालाच तिचा निश्चित दाखला आणावा लागतो.

दुसरी अट शेजाराची. उत्तर प्रदेशातील नगरांत शेजार म्हणजे आपला प्रभाग, असा अर्थ व्यवहारात रूढ झाला. काशीची गल्ली इतकी अरुंद, की समोरच्या घरातील बोलणे ऐकू यावे. पण प्रभागाची रेषा मधून गेली, तर समोरची शाळा परकी ठरते. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला तर पत्त्याचा पुरावाच दुर्मिळ.

तिसरी अट शाळेची. सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २०१२ रोजी हे कलम उचलून धरताना विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना त्यातून वगळले. २०१४ मध्ये सर्वच अल्पसंख्याक शाळा कायद्याबाहेर ठेवल्या. महाराष्ट्र शासनाने ९ फेब्रुवारी २०२४ रोजी नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळेला या बंधनातून मोकळे केले. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी हा बदल रद्द ठरविला. खजिन्याची बाजू सर्वस्वी अवास्तव होती असे नव्हे. जवळची सरकारी शाळा असताना दुहेरी खर्च का, हा तिचा प्रश्न होता. परंतु संपन्न व विपन्न घरची मुले एका बाकावर बसावीत, हाही कायद्याचा एक हेतू आहे, आणि त्या नियमाने त्यालाच बाध येत होता.

चौथी अट मुदतीची, आणि ती सर्वांत कठोर. या जागांचे दार शाळेच्या प्रवेशवर्गाशीच उघडते. एखादा दाखला आठ दिवस उशिरा मिळाला, तर मोठ्या माणसाचे काम पुढील वर्षी होईल; सहा वर्षांचे मूल मात्र पुन्हा सहा वर्षांचे होत नाही.

वस्तुतः या रोगावरील औषध त्याच कायद्यात आहे. त्याचे चौदावे कलम सांगते, की वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही बालकाला प्रवेश नाकारता येणार नाही. वयाच्या बाबतीत राज्याने जो विश्वास दाखविला, तोच उत्पन्न आणि पत्ता यांच्या बाबतीत दाखविण्यास प्रत्यवाय कोणता? मुलाला आधी वर्गात बसवावे, चौकशी मागाहून सवडीने करावी. क्वचित एखादा अपात्र मुलगा त्यामुळे शिकून जाईल. परंतु पात्र मुलगा पायरीवरून परत गेला, तर होणारी हानी अधिक मोठी आहे.

जुना पेढीवाला हुंडी पारखून घेई, हे खरे. पण पारखण्यात मुदत टळली, तर पेढीची पत जाई. राज्याच्या पतीलाही हाच न्याय लागू पडतो.