टाळ थांबतात केव्हा?

(गंगाखेड येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



आषाढीपूर्वी शेगावची श्रीगजानन महाराजांची पालखी परभणीवरून संत जनाबाईंच्या या गंगाखेडात येते. वारकरी परगावचा, नाव-गाव ठाऊक नसलेला. तरी त्याच्यासाठी भाकरी तयार असते, ओसरी मोकळी असते. हा विश्वास येतो कोठून?

गळ्यातील तुळशीच्या माळेतून. माळ बाजारात थोडक्या पैशांत मिळते. परंतु ती घालणाऱ्याने मद्य-मांस वर्ज्य करावयाचे, एकादशी पाळावयाची, वारी चुकवावयाची नाही. हे चार लोकांच्या नजरेसमोर आयुष्यभर निभवावे लागते. इस्रायलचे प्राणिशास्त्रज्ञ आमोत्झ झहावी यांनी १९७५ साली हेच सूत्र पशुपक्ष्यांविषयी मांडले : लबाडाला ज्याची किंमत परवडत नाही, तोच संकेत विश्वासार्ह ठरतो.

पण केवळ खूण पुरत नाही. ती ऐकणाराही हवा. श्रीज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यास हैबतबाबा आरफळकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिस्त लावली. तेथे सायंकाळी तळावर समाजआरतीस दिंड्या जमतात, टाळांचा कल्लोळ होतो. चोपदार चोप उंचावतात आणि क्षणात सारे शांत होते. मात्र ज्या दिंडीचे गाऱ्हाणे असेल, ती टाळ वाजवीतच राहते. चोपदार तिच्याकडे जातात, गाऱ्हाणे ऐकतात, निवारण करतात. मग ते टाळही थांबतात.

यातील मर्म पाहा. इतर गप्प राहतात, म्हणून एकाचा टाळ ऐकू येतो. आपलेही गाऱ्हाणे उद्या ऐकले जाईल ही खात्री असते, म्हणून इतर गप्प राहतात. आणि क्षुल्लक कारणासाठी कोणी टाळ बडवीत राहिला, तर साऱ्या तळासमोर त्याचीच पत जाते. खूण सहकार्याला जपते, सहकार्य खुणेला जपते. दोन्ही एकत्रच वाढतात आणि एकत्रच लोप पावतात.

आज मोबाईलवर मदतीचे आवाहन पुढे धाडण्यास काहीच पडत नाही. म्हणूनच ते कोणी मनावर घेत नाही. या कल्लोळात खरा टाळ बुडतो. आपल्या मराठवाड्यात कर्जाने खचलेला शेतकरी ओरडून सांगत नाही. तो हरिपाठाला येणे सोडतो, बैलजोडी विकतो, पारावर बसेनासा होतो. त्याचा टाळ वाजतच असतो. आपण गप्प झालेलो नसतो, एवढेच.

आपल्या गावात त्याच्या दारी जाणारा चोपदार कोण? हा प्रश्न घेऊनच आपण येथून उठू या.