मुक्त संगणकप्रणाली आणि तिचा दुभाषी



‘कंपायलर’ हा विषय ऐकून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, तर दोष त्यांचा नाही. विषय रुक्ष आहे खरा. परंतु त्याच्या पोटात स्वातंत्र्य या शब्दाच्या अर्थाविषयीचा एक वाद दडलेला आहे, आणि तेवढ्यासाठीच तो मी आपणापुढे मांडतो आहे.

माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राला जसाच्या तसा कळत नाही. त्याला शून्य आणि एक यांची बोली लागते. ती करून देणारा दुभाषी म्हणजे कंपायलर. संगणक चालवणारी मूळ प्रणालीसुद्धा माणसांनीच लिहिलेली असल्यामुळे तिलाही हा दुभाषी लागतो. गंमत अशी की दुभाषी हाही एक प्रोग्रामच. त्याला आधीच्या एखाद्या दुभाष्याच्या हातूनच जन्म घ्यावा लागतो!

फ्रीबीएसडी ही १९९३ साली सुरू झालेली मुक्त प्रणाली. तिचे मूळ कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील कामात आहे. तिचा परवाना मोठा सैल: आमचे नाव राखा, मग घ्या, बदला, विका, वाटल्यास आपले बदल झाकूनही ठेवा. तिचा दुभाषी मात्र उसना होता. जीसीसी त्याचे नाव. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली तो प्रथम लोकांपुढे ठेवला. त्यांची अट निराळी होती. घ्या, बदला, पण बदललेला प्रोग्राम दुसऱ्याला द्याल तेव्हा त्याचा मूळ मजकूरही त्याच अटींवर द्या. पहिल्या परवान्याने आज घेणाऱ्याला मोकळे सोडले, दुसऱ्याने त्याच्यानंतर घेणाऱ्यांची काळजी वाहिली. दोन्ही माणसे स्वातंत्र्यवादीच, आणि तरी एका घरात त्यांचे भांडण अटळ!

जून २००७ मध्ये स्टॉलमन यांच्या परवान्याची तिसरी आवृत्ती निघाली. ग्राहकाच्या उपकरणात असा प्रोग्राम घातलात, तर तो बदलून पुन्हा चालवता येईल अशी सोयही त्याला द्या, असे तिने सांगितले. पेटंटांविषयीही कलमे आली. मला विचाराल तर या मागणीत अन्याय नव्हता. पण फ्रीबीएसडी आपल्या उपकरणांत बंदिस्त करून विकणारे कारखानदार होते, आणि प्रणालीच्या मूळ संचात ही बंधने नकोत असे तिच्या मंडळींनी ठरवले. जुन्या अटींवरची शेवटची आवृत्ती ४.२.१, तेथेच त्यांचा दुभाषी थांबला. जग थांबले नाही. नवे प्रोसेसर आले, २०११ साली सी++ भाषेचे नवे व्याकरण आले, आणि घरातला दुभाषी २००७ सालचेच बोलत राहिला.

तोडगा इलिनॉय विद्यापीठातून आला. तेथे २००० साली क्रिस लॅटनर आणि त्यांचे मार्गदर्शक विक्रम अडवे यांनी एलएलव्हीएमचे काम सुरू केले होते. अडवे हे आपल्या मुंबईच्या आयआयटीचे विद्यार्थी. त्या पायावर उभा राहिलेला क्लँग हा दुभाषी २००७ साली खुला झाला. त्याचाही परवाना सैल. फ्रीबीएसडीने २०१० मध्ये तो घरात घेतला, नोव्हेंबर २०१२ मध्ये इंटेल घराण्याच्या यंत्रांसाठी मुख्य आसनावर बसवला, आणि जानेवारी २०१४ च्या दहाव्या आवृत्तीबरोबर तो सर्वांच्या हाती गेला.

हे वाक्य उच्चारायला सोपे आहे. दुसरा दुभाषी वापरण्यास कोणालाच बंदी नव्हती. परंतु काही न सांगता जो कामाला लागतो, त्याच्याच हातून वीस हजारांहून अधिक प्रोग्राम जाणार होते. जुन्या दुभाष्याने खपवून घेतलेल्या ढिलाईवर नवा बोट ठेवी. काही प्रोग्राम दुरुस्त करावे लागले, काहींपुढे ‘यास जीसीसीच हवा’ अशी चिठ्ठी लावावी लागली. हे कंटाळवाणे काम बरेचसे स्वयंसेवकांनी केले. स्पर्धेचा लाभ जीसीसीलाही झाला असावा: चूक नेमकी कोणत्या अक्षरापाशी आहे हे खूण करून दाखवण्याची क्लँगची रीत २०१३ मध्ये त्यानेही उचलली.

फेब्रुवारी २०२० मध्ये जुना जीसीसी मूळ संचातून काढला गेला. क्लँगकडे किंवा बाहेरच्या नव्या जीसीसीकडे जी यंत्रे वळवली गेली नव्हती, त्यांचा आधारही त्याबरोबर गेला. सन कंपनीची स्पार्क-६४ यंत्रे त्यांतली. त्यांच्यासाठी बारावी मालिका शेवटची ठरली, आणि तिची देखभाल ३१ डिसेंबर २०२३ रोजी संपली. त्यांतली काही यंत्रे अजून चालू स्थितीत असतील.